चिपरच्या पात्यांना स्वतः धार लावणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील सोसायट्या, बंगल्यांच्या बागा, रोपवाटिका आणि आसपासची फार्महाउसे येथे फांद्यांचा भुगा करणारी छोटी चिपर यंत्रे आता बऱ्याच ठिकाणी दिसतात. दररोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांवर २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी जबाबदारी टाकली आणि पालापाचोळा उघड्यावर जाळण्यास मनाई केली, तेव्हापासून अनेक सोसायट्यांनी अशी यंत्रे घेतली. यंत्र घेताना किंमत पाहिली जाते, परंतु पात्यांचा खर्च पहिल्या पावसाळ्यानंतर लक्षात येतो. पुढील प्रश्नोत्तरे त्या खर्चाविषयी आहेत.

पात्याची धार गेली आहे, हे कसे ओळखावे?

यंत्रातून बाहेर पडणारा माल पाहावा. धारदार पाते फांदीचे स्वच्छ कडांचे, साधारण एकसारख्या जाडीचे तुकडे करते, तर बोथट पाते फांदी कापण्याऐवजी चिरडते, त्यामुळे लांब दोरे, सालपटे आणि भुकटी एकत्र पडू लागते. दुसरी खूण म्हणजे फांदी आत ओढली जाण्याचे थांबते. पात्याला धार असताना फांदी आपोआप आत खेचली जाते, आणि ती ढकलावी लागू लागली की समजावे. त्याच वेळी इंजिनाचा किंवा मोटरचा आवाज दबतो आणि यंत्र थरथरू लागते.

पाते काढून हातात घेतल्यावर आणखी सोपी कसोटी आहे. धारेची कड उजेडाकडे धरावी. चांगली धार प्रकाश परावर्तित करत नाही, म्हणजेच ती दिसतच नाही. जिथे कडेवर पांढरी चमकती रेघ दिसते, तिथे धार गोल झालेली असते. रेघ जितकी रुंद, तितके पोलाद घासावे लागणार.

स्वतः धार लावल्याने खरोखर पैसे वाचतात का?

वाचतात, पण बहुतेकांना वाटते त्या कारणाने नाही. धार लावण्याची मजुरी वाचते हा भाग लहान आहे. खरी बचत पाते लवकर न संपण्यात आहे. समजा, आपल्या पात्यावर निर्मात्याने ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत घासता येईल असे आठ मिलिमीटर पोलाद आहे. दर वेळी थोडी धार गेली की लगेच ०.४ मिलिमीटर घासले, तर त्या पात्याला वीस वेळा धार लागेल. तेच पाते पूर्ण बोथट होईपर्यंत, कडेला दाते पडेपर्यंत वापरले आणि दर वेळी दोन मिलिमीटर घासावे लागले, तर ते चार वेळांत संपेल. बाहेर पाठवायचे म्हटले की पाते सोडवणे, नेणे, परत आणणे हा सारा व्याप आठवतो आणि माणूस पुढच्या आठवड्यावर ढकलतो. घरी साधन असले की वेळेवर हात फिरवला जातो.

मात्र वर्षातून दोन-तीनदाच यंत्र चालवणाऱ्याने बेंच ग्राइंडर विकत घेऊन काही वाचवले असे होत नाही. त्याने पाती व्यावसायिकाकडे न्यावीत.

सगळ्या चिपरच्या पात्यांना घरी धार लावता येते का?

ज्या यंत्रात चपट्या, एका बाजूला उतार असलेल्या सरळ पट्ट्या फिरत्या चकतीवर किंवा ढोलावर बोल्टने बसवलेल्या असतात, त्यांना लावता येते. ज्या श्रेडरमध्ये लोंबत्या हातोड्यांनी माल ठेचला जातो, त्या हातोड्यांना धार लावण्यात अर्थ नसतो. ते झिजले की उलटवायचे किंवा बदलायचे. अनेक यंत्रांत दोन्ही गोष्टी एकाच पोटात असतात, तेव्हा फक्त पट्ट्याच काढाव्यात. काही पाती दोन्ही कडांनी धारेची असतात. अशी पाती आधी उलटून लावावीत आणि दुसरी कडही संपली की मगच ग्राइंडरजवळ जावे.

काम सुरू करण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी?

या एका उत्तरात मी तडजोड करणार नाही. पेट्रोल इंजिन असेल, तर स्पार्क प्लगची टोपी काढून दूर बांधून ठेवावी. ट्रॅक्टरवर चालणारे यंत्र असेल, तर पीटीओ (ट्रॅक्टरमधून यंत्राला शक्ती देणारी जोडणी) बंद करून, किल्ली काढून, शाफ्ट सोडवावा. विजेवर चालणारे असेल, तर प्लग काढून आपल्या नजरेसमोर ठेवावा. थ्री-फेज जोडणीत केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप घालावे. सोसायटीत पॅनेलरूम एका इमारतीत आणि चिपर दुसऱ्या टोकाला असतो, आणि “काका, एमसीबी पडला होता, चढवून दिला” असे म्हणणारा मदतीस तत्पर कोणीतरी नेहमीच जवळपास असतो.

यंत्र बंद केल्यानंतरही जड चकती बराच वेळ फिरत राहते. ती पूर्ण थांबली हे कानाने ठरवू नये, डोळ्यांनी पाहावे. त्यानंतर चकती आणि सांगाडा यांच्यात लाकडाची पाचर मारून ती अडकवावी, कारण एक पाते काढताच चकतीचा तोल जातो आणि ती जड बाजू खाली घेऊन स्वतःहून फिरते. त्या वेळी पान्यावर असलेली बोटे दुसऱ्या पात्यासमोर येतात. पाती हाताळताना जाड चामडी हातमोजे घालावेत. ग्राइंडरवर काम करताना मात्र सैल मोजे, ओढणी, लोंबता शर्ट यांपैकी काहीही नको. तेथे बंद चष्मा आणि धुळीचा मास्क हवा.

कोणते साहित्य लागते आणि ते पुण्यात कुठे मिळते?

मूलभूत साहित्य थोडे आहे : सॉकेट पाना, टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच बोल्ट आवळणारा), कोनमापक, फिलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या), पाते धरण्यासाठी मजबूत वाइस, आणि घासण्याचे एक साधन. शेवटी बारीक धारेसाठी जाड-बारीक अशा दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड लागतो. रविवार पेठेतील बोहरी आळी आणि तिच्या आसपासच्या हार्डवेअरच्या दुकानांत हे सारे मिळते. शनिवारी दुपारी गर्दीत जाण्यापेक्षा सकाळी गेलेले बरे. पाते ठरलेल्या कोनात टेकवण्यासाठी लाकडी ठोकळे करून घ्यायचे असतील, तर भवानी पेठेतील टिंबर मार्केटच्या परिसरात सुतारकामाची यंत्रे आहेत, तेथे सागाचा तुकडा हव्या त्या कोनात कापून मिळू शकतो.

बेंच ग्राइंडर, हँड ग्राइंडर की बेल्ट सँडर?

हा प्रश्न वरवर आवडीनिवडीचा वाटतो, परंतु त्यामागे दोन ठोस गोष्टी आहेत : वेग आणि वक्रता.

आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेवर बेंच ग्राइंडर साधारण २,८५० फेरे प्रतिमिनिट या वेगाने फिरतो. १५० मिलिमीटरच्या दगडाच्या कडेचा वेग त्यामुळे सेकंदाला सुमारे २२ मीटर होतो. १०० मिलिमीटरचा हँड ग्राइंडर ११,००० फेऱ्यांनी फिरतो, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ ५८ मीटर. अडीच पटींहून अधिक वेग, हलती पकड आणि अरुंद स्पर्श या तिन्हींमुळे हँड ग्राइंडरने पाते फार पटकन तापते आणि कोनही हलतो. घरात हेच एक साधन असेल, तर जाड चकतीऐवजी ८० किंवा १२० नंबरची फ्लॅप डिस्क (घासकागदाच्या पाकळ्यांची चकती) लावावी, पाते वाइसमध्ये घट्ट धरावे आणि हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता न्यावा.

बेंच ग्राइंडरची अडचण वेगळी आहे. गोल दगडावर घासलेला उतार सपाट राहत नाही, आत दबतो. उताराची रुंदी १७ मिलिमीटर आणि दगडाची त्रिज्या ७५ मिलिमीटर असेल, तर मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर खोलगटपणा येतो. अर्धा मिलिमीटर किरकोळ वाटतो, पण त्यामुळे प्रत्यक्ष कडेजवळचा कोन साधारण साडेसहा अंशांनी कमी होतो. म्हणजे आपण ३५ अंश राखले असे समजतो आणि धार असते साडेअठ्ठावीस अंशांची. अशी धार सुरुवातीला फार छान कापते आणि पहिल्या सुक्या बाभळीच्या गाठीवर तुटते. दगड जितका झिजून लहान झाला असेल, तितका हा दोष वाढतो.

म्हणून माझी पसंती उलटा करून बसवलेल्या बेल्ट सँडरला आहे. त्याचा घासकागदाचा पट्टा सपाट पाटीवर चालतो, उतार सपाट राहतो, आणि पट्टा लांब असल्यामुळे उष्णता कमी साचते. थोडीशीच धार गेली असेल, तर यांपैकी काहीच लागत नाही. दगड आणि पंधरा मिनिटे पुरतात.

बेंच ग्राइंडर वापरणाऱ्यांनी दगड बसवण्यापूर्वी तो बोटात अडकवून लाकडी मुठीने हलकेच वाजवावा. चांगला दगड खणखणीत वाजतो, तडकलेला बद्द आवाज देतो. पाते ज्यावर टेकवतात तो टेकू आणि दगड यांतील अंतर ३ मिलिमीटरहून जास्त ठेवू नये. हँड ग्राइंडरच्या रेझिनच्या चकत्यांवर मुदतीची तारीख छापलेली असते, ती पाहावी.

धारेचा कोन किती ठेवावा? पुस्तिका हरवली असेल तर?

निर्मात्याने दिलेला कोनच ठेवावा. चिपरची पाती सर्वसाधारणपणे ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान असतात. कोन लहान ठेवला तर धार तिखट होते पण नाजूक. मोठा ठेवला तर टिकते पण ताकद जास्त खाते.

पुस्तिका नसेल, तर पातेच आपला कोन सांगते. पात्याची जाडी आणि उताराची रुंदी व्हर्नियरने मोजावी. दहा मिलिमीटर जाडीच्या पात्यावर उतार पूर्ण जाडीभर गेलेला असेल आणि त्याची रुंदी २० मिलिमीटर असेल, तर कोन ३० अंश आहे, १७.४ असेल तर ३५, १५.६ असेल तर ४० आणि १४.१ असेल तर ४५ अंश. जाडी वेगळी असेल, तर रुंदी त्याच प्रमाणात बदलते. हे माप यंत्र नवीन असतानाच घेऊन चिपरच्या झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवावे, कारण दोन-तीन वेळा हाताने घासल्यानंतर मूळ कोन शोधण्यासाठी काहीच उरत नाही.

पाते निळे पडले, तर काय होते?

पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे तापवून-थंड करून आणलेला कठीणपणा, उतरते. चिपरची पाती हत्यारी पोलादाची असतात आणि त्यांचा कठीणपणा बहुधा रॉकवेल सी मापावर पंचावन्न ते साठच्या दरम्यान असतो. घासताना पोलाद तापले की त्याच्या पृष्ठभागावर रंग उमटतात : साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला फिकट गवती, २५५ च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा. साध्या कार्बन पोलादाची कड निळी पडली की ती मऊ झालीच. अधिक मिश्रधातू असलेली पोलादे थोडी जास्त उष्णता सोसतात आणि रंग दिसण्याचे तापमानही त्यांच्यात काहीसे बदलते. परंतु आपले पाते कोणत्या जातीचे आहे हे बहुतेकांना माहीत नसते, म्हणून रंग दिसूच न देणे हा नियम धरावा.

माझ्या पहिल्या प्रयत्नात पाते सुंदर मोरपिशी झाले होते. ती शोभा पाहून मी समाधानाने पाते बसवले, आणि रेन ट्रीच्या फांद्या अर्धा तास कापल्यावर कड मेणासारखी मुडपलेली आढळली.

उपाय साधा आहे. एका वेळी हलका हात फिरवावा आणि पाते उघड्या बोटांनी धरवेनासे होण्यापूर्वी थांबावे. शेजारी पाण्याची बादली ठेवून पाते कोमट असतानाच त्यात बुडवत राहावे. लाल किंवा निळे होईपर्यंत तापवून चर्रकन पाण्यात टाकले, तर बारीक तडे जाऊ शकतात. शंका असेल, तर कडेवर चांगली कानस हलकेच घासून पाहावी. कानस घसरली तर पाणी शाबूत आहे. कानसेने पोलाद चावले तर तो मऊ भाग पूर्ण निघेपर्यंत, या वेळी थंडपणे, घासावे लागेल.

प्रत्यक्ष धार लावण्याचा क्रम कसा असावा?

पाती काढण्यापूर्वी प्रत्येक पात्यावर आणि त्याच्या जागेवर मार्करने एकच क्रमांक लिहावा. काढलेली पाती रॉकेल आणि पितळी ब्रशने स्वच्छ करावीत. वाळलेला चीक आणि साल यांचा थर राहिला, तर कोनही चुकतो आणि तडेही दिसत नाहीत. मग बोल्टच्या भोकांभोवती नीट पाहावे, कारण तडे तेथून सुरू होतात. तडा दिसलेले पाते भंगारातच गेले पाहिजे. त्याला वेल्डिंग करून वापरणे म्हणजे मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर पोलादाचा तुकडा कोणाच्या दिशेने सुटेल याची वाट पाहणे आहे.

उतारावर मार्करने काळी शाई फासावी आणि एक हलका हात फिरवून पाहावा. शाई उताराच्या पूर्ण रुंदीवर सारखी निघाली, तर कोन जुळला. फक्त टाचेकडे (उताराच्या मागच्या टोकाला) किंवा फक्त कडेकडे निघाली, तर टेकू हलवावा. कोन जुळल्यावर पूर्ण लांबीचे, सारख्या दाबाचे हात मारावेत आणि ते मोजावेत. पहिल्या पात्यावर चाळीस हात मारले, तर दुसऱ्यावरही चाळीसच. धारेच्या मागे बारीक तार उमटली, जिला कारखान्यात बर म्हणतात, आणि ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाला लागली, की घासणे थांबवावे. पुढे घासलेले पोलाद वाया जाते.

यानंतर पात्याची सपाट पाठ दगडावर पूर्ण टेकवून दोन-चार वेळा फिरवावी, म्हणजे बर निघते. पाठीला कधीही उतार देऊ नये. पाठीवर नकळत दोन अंशांचा उतार आला, तरी पाते लाकडात शिरण्याऐवजी त्यावर घासत जाते, आणि तो दोष काढण्यासाठी पूर्ण पाठ सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे पृष्ठभाग सपाट घासणाऱ्या कारखान्यातील यंत्रावर, न्यावी लागते.

दोन्ही पात्यांचे वजन सारखे असणे इतके महत्त्वाचे का मानतात?

हिशेब करून पाहू. दोन पात्यांत फक्त दहा ग्रॅमचा फरक आहे, पाती केंद्रापासून २० सेंटिमीटरवर आहेत आणि चकती मिनिटाला २,००० फेरे घेते, असे धरले, तर त्या दहा ग्रॅममुळे बेअरिंगवर जवळजवळ नऊ किलो वजनाइतका ओढा पडतो, आणि तो प्रत्येक सेकंदाला तेहतीस वेळा दिशा बदलत फिरतो. पात्याचे पैसे वाचवून बेअरिंगवर घालवण्याचा हा मार्ग आहे. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर पाती तोलावीत. जड पात्याचे जास्तीचे वजन धारेकडून न काढता मागील कडेकडून काढावे, नाहीतर दोन धारा वेगवेगळ्या अंतरावर येतात आणि एकच पाते सगळे काम करत राहते.

धार उत्तम आहे, तरी चिपर दोरेच काढतो. कारण काय?

बहुधा फिक्स पाते. फिरते पाते ज्या स्थिर पट्टीला टेकवून फांदी कापते, तिची कड गोल झालेली असेल किंवा दोघांतील फट वाढलेली असेल, तर ताजी धारही फांदीला वाकवून त्या फटीत कोंबते. कात्रीचा स्क्रू ढिला झाल्यावर कापड कसे दुमडते, तोच हा प्रकार. माझ्या मते स्वतः धार लावणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक हीच आहे : घासल्यामुळे पाते दर वेळी थोडे अरुंद होते, कड मागे सरकते, फट वाढते, आणि ती कोणीच पुन्हा मोजत नाही.

फट निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. लहान यंत्रांत ती बहुधा एक-दोन मिलिमीटरच्या आसपास असते. फिलर गेज नसेल, तर हॅकसॉच्या पात्याचा दात नसलेला भाग वापरता येतो, त्याची जाडी सुमारे ०.६५ मिलिमीटर असते आणि दोन एकत्र ठेवले की १.३ होते. पात्याच्या दोन्ही टोकांना आणि प्रत्येक पात्यासाठी फट वेगळी तपासावी, मग पाचर काढून चकती हाताने पूर्ण फेरा फिरवून पाहावी. फिक्स पात्याला अनेकदा चार वापरण्याजोग्या कडा असतात; ते उलटवणे फुकट आहे.

जुनेच बोल्ट पुन्हा वापरावेत का?

बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा दर्जा असतो. बदलताना तोच दर्जा घ्यावा, नाक्यावरचा साधा बोल्ट चालणार नाही. आटे ताणलेले किंवा डोके घासलेले बोल्ट टाकून द्यावेत, सेल्फ-लॉकिंग नट दर वेळी नवे घ्यावेत, पुस्तिकेतील टॉर्कने आवळावेत आणि दहा मिनिटे रिकामे यंत्र चालवून, पुन्हा पूर्ण बंद करून, एकदा तपासावेत.

किती दिवसांनी धार लावावी?

तास मोजण्यापेक्षा काय कापले हे पाहावे. ओला गुलमोहर किंवा सुबाभूळ पात्याला फारसे त्रास देत नाहीत. बांबूत सिलिका असते, तो धार झपाट्याने खातो. नारळाच्या झावळ्यांचे धागे शाफ्टला गुंडाळतात. सर्वांत वाईट माती. फांद्या जमिनीवरून फरफटत आणल्या की सालीत मुरूम आणि काळ्या दगडाची कच अडकते, आणि ती पंधरा मिनिटांत आठवड्याचे काम बिघडवते. फांदी उचलून आणण्यास सांगणे ही धार टिकवण्याची सर्वांत स्वस्त युक्ती आहे. रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या असतील, तर फलक आणि दिव्यांच्या माळांसाठी ठोकलेले खिळे, तारा आधी शोधाव्यात. या शहरात झाडाला खिळा नसणे हेच आश्चर्य.

पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीचे काम मे महिन्यात एकदम येते, म्हणून एप्रिलअखेर पाती तयार ठेवावीत आणि जमल्यास एक जादा जोडी बाळगावी. जून ते सप्टेंबर काम झाल्यावर पात्यांना तेलाचा हात लावावा.

कडबाकुट्टीच्या पात्यांना हीच रीत चालेल का?

तत्त्व तेच : पाठ सपाट, उतार एकाच बाजूला, फट कमी. मात्र अनेक कडबाकुट्ट्यांची पाती वक्र असतात, त्यामुळे सपाट ठोकळ्याचा आधार उपयोगी पडत नाही आणि वक्रता जपत हात फिरवावा लागतो.

कोणत्या वेळी पाते व्यावसायिकाकडेच द्यावे?

कडेला दोन मिलिमीटरहून खोल दाता पडला असेल, पाते वाकले असेल, पाठ बिघडली असेल किंवा चार-पाच वेळा हाताने धार लावून कोन भरकटला असेल तेव्हा. भोसरी, पर्वती इंडस्ट्रियल इस्टेट, हडपसर, धायरी-नऱ्हे या भागांत सरफेस ग्राइंडिंग करणारी छोटी वर्कशॉप आहेत. तेथे पूर्ण संच एकत्र द्यावा, कोन कागदावर लिहून द्यावा आणि पात्यावर कूलंटची (थंड करणाऱ्या द्रवाची) धार सुरू ठेवून घासण्यास सांगावे. पाते परत घेताना पैसे देण्यापूर्वी कडेचा रंग पाहावा.

मर्यादेपर्यंत झिजलेल्या पात्यांचे काय करावे?

ती यंत्रात परत जाणार नाहीत याची खात्री करावी, म्हणजे धारेच्या कडेला ग्राइंडरने दोन-तीन खाचा पाडून मगच भंगारवाल्याला द्यावीत. “अजून एकदा चालेल” म्हणणारा माणूस प्रत्येक सोसायटीत असतो. त्यांतील एक पट्टी मी कापून, थंड घासून, रोपवाटिकेतील पिशव्या कापण्याची सुरी केली आहे, आणि तिला अजून पुन्हा धार लावावी लागलेली नाही.